पंचेचाळिशीचा फोरमन विरुद्ध आजचे तरुण हेवीवेट: अशा लढतींचा अंदाज कसा बांधायचा

प्रश्न असा आहे: १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी विश्वविजेता झालेला जॉर्ज फोरमन, किंवा उतारवयातले लॅरी होम्स आणि व्लादिमिर क्लिच्को, आजच्या पंचविशी-तिशीतल्या हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातल्या) बॉक्सरसमोर उभे राहिले तर काय होईल? याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, की म्हातारा बॉक्सर तरुणाला हरवू शकतो का. हरवू शकतो आणि हरवलेलंही आहे. पण कोण कोणाला हरवेल हे नुसत्या नावांवरून ठरत नाही. आधी काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतात, नाहीतर चर्चा 'माझा आवडता विरुद्ध तुझा आवडता' एवढीच उरते.

पहिली गोष्ट तारीख. 'फोरमन' म्हणून भागत नाही. १९७३ चा फोरमन, १९९१ मध्ये होलिफिल्डशी १२ राऊंड लढलेला फोरमन आणि १९९७ मध्ये शॅनन ब्रिग्जकडून गुणांवर हरलेला ४८ वर्षांचा फोरमन हे तीन वेगळे बॉक्सर आहेत. नेहमीची चूक अशी की एकाचा ऐन बहराचा काळ घ्यायचा आणि दुसऱ्याची शेवटची लढत. दोघांचीही ठरावीक रात्र धरा आणि त्या रात्रीचं वजन, दम आणि प्रतिस्पर्धी डोळ्यासमोर ठेवा.

दुसरी गोष्ट राऊंडांची संख्या. हिच्याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, आणि निकाल बऱ्याचदा हीच फिरवते. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात ३८ वर्षांच्या जर्सी जो वॉलकॉटने तरुण रॉकी मार्सियानोला पहिल्याच राऊंडमध्ये खाली पाडलं आणि १२ राऊंड संपले तेव्हा तो तिन्ही अधिकाऱ्यांच्या गुणांच्या कार्डांवर पुढे होता. लढत १५ राऊंडांची होती. १३ व्या राऊंडमध्ये मार्सियानोचा उजव्या हाताचा ठोसा बसला आणि संपलं. आजच्या १२ राऊंडांच्या नियमाने तीच लढत वॉलकॉटने जिंकली असती. जॅक जॉन्सनचंही तेच. १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डविरुद्धची लढत ४५ राऊंडांची ठरली होती, ३७ वर्षांच्या जॉन्सनने बराच वेळ वर्चस्व ठेवलं आणि २६ व्या राऊंडला तो पडला. म्हणजे १९८० च्या दशकात जागतिक लढती १५ वरून १२ वर आल्या, त्याचा सर्वांत मोठा फायदा वयस्कर बॉक्सरला झाला. काल्पनिक लढत लावताना राऊंड किती हे आधी सांगा, मग बोलू.

तिसरी गोष्ट रेफरी. क्लिंच (समोरच्याला मिठी मारून धरणं) किती चालवून घेतो, मानेवर भार टाकून वाकवणं किती वेळा सोडून देतो. २०१३ मध्ये मॉस्कोत क्लिच्कोने पोव्हेत्किनला ज्या पद्धतीने धरून, वर रेलून दमवलं, ते कडक रेफरीने चालू दिलं नसतं. वय झालेल्या उंच बॉक्सरसाठी क्लिंच हीच विश्रांतीची जागा असते. ती काढून घेतली तर त्याचे तीन-चार राऊंड तिथेच कमी झाले असं समजा.

आता वयाने नेमकं काय जातं ते बघू. पाय सर्वांत आधी जातात, त्यानंतर प्रतिक्रियेचा वेग, मग दम भरून येण्याची क्षमता. ठोशाची ताकद सर्वांत शेवटी जाते. झटका देणारे जलद स्नायूतंतू वयाबरोबर बारीक होतात, त्यामुळे वेगाने लावायची ताकद आधी घटते आणि संथ, वजन टाकून लावायची ताकद बरीच टिकते. म्हणून चाळिशीतला हेवीवेट जड पिशवीवर अजूनही भयंकर दिसतो. पिशवी हलत नाही, उलट मारत नाही. पिशवीवरचा किंवा पॅडवरचा पाच सेकंदांचा व्हिडिओ पाहून 'अजून तेवढाच धोकादायक आहे' असं ठरवणं ही या विषयातली सर्वांत महागडी फसगत आहे.

दमाचं गणित कागदावर मांडता येतं. हृदयाच्या कमाल ठोक्यांचा एक चांगला अंदाज म्हणजे २०८ वजा वयाच्या ०.७ पट. २६ व्या वर्षी तो मिनिटाला सुमारे १९० येतो, ४५ व्या वर्षी सुमारे १७६. माणसागणिक फरक पडतो, पण दिशा बदलत नाही. वरची मर्यादाच खाली आल्यामुळे तीन मिनिटांत किती ठोसे फेकता येतील याला बंधन येतं, आणि मधल्या एका मिनिटात ठोके उतरायलाही जास्त वेळ लागतो. तरुणाने राऊंडला ६० ठोसे फेकले म्हणून वयस्कराने ६० फेकायला गेलं की सहाव्या राऊंडपर्यंत हात खाली येतात. शहाणा वयस्कर बॉक्सर ३०-३५ फेकतो आणि त्यातले वजनाचे किती बसतील ते बघतो.

प्रतिक्रियेबद्दल एक बारकावा समजून घ्यायलाच हवा, कारण निम्म्या काल्पनिक लढतींचं उत्तर त्यात आहे. अनुभवी बॉक्सर ठोसा पाहून नाही, खांदा आणि पुढचा पाय पाहून हलतो. वय वाढलं की शरीर उशिरा सुटतं, म्हणून तो आणखी आधी अंदाज बांधून निघायला लागतो. समोरचा सरळ मारणारा असेल तर ही युक्ती छान चालते. पण समोरचा फेंट करणारा असेल, म्हणजे खांदा हलवून मारतच नसेल, तर वयस्कर बॉक्सर प्रत्येक खोट्या हालचालीला खरं उत्तर देत बसतो. पंधरा-वीस वेळा फसला की तो मारायचंच थांबतो. २८ नोव्हेंबर २०१५ ला ड्युसेलडॉर्फमध्ये टायसन फ्युरीने क्लिच्कोचं हेच केलं. क्लिच्को ३९ चा होता, फ्युरी २७ चा. १२ राऊंडांत कंप्यूबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार क्लिच्कोचे अवघे ५२ ठोसे बसले. हात उचलायचा, थांबायचा, परत खाली. लोक म्हणाले संपला.

दीड वर्षाने, २९ एप्रिल २०१७ रोजी वेम्बलीत तोच क्लिच्को ४१ चा होऊन २७ वर्षांच्या अँथनी जोशुआसमोर आला. पाचव्या राऊंडमध्ये स्वतः पडला, सहाव्यात जोशुआला पाडलं आणि ११ व्या राऊंडमध्ये लढत थांबेपर्यंत निकाल कुठेही झुकू शकला असता. वय वाढलं आणि खेळ सुधारला? तसं नाही. जोशुआ समोर उभा राहून, वजन टाकून सरळ मारत होता. क्लिच्कोच्या अंदाजाला पकडता येईल अशी लय त्याने दिली. वय किती यापेक्षा तरुण कोणत्या शैलीचा आहे हे जास्त मोलाचं आहे. लढत जुळवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा तरुण समोर उभा राहतो की हलतो?

दुसरा प्रश्न झिजेचा. जन्मतारीख आणि शरीराची झीज या दोन गोष्टी वेगळ्या धरा. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर आलेला मुहम्मद अली ३८ वर्षांचा होता, म्हणजे १९९४ मध्ये मायकेल मूररला पाडून विश्वविजेता झालेल्या फोरमनपेक्षा सात वर्षांनी लहान. पण त्याच्यामागे १९७५ ची मनिलातली फ्रेझरशी झालेली १४ राऊंडांची लढत होती, १९७७ ची शेव्हर्सशी १५ राऊंडांची होती, आणि १९७८ मध्ये स्पिंक्सशी दोन वेळा १५-१५ राऊंड होते. शिवाय सरावातही तो ठोसे अंगावर घेत असे. त्यात थायरॉइडचं औषध. वजन ९९ किलोच्या आसपास उतरलं, अंग पुन्हा तरुणासारखं दिसायला लागलं आणि आतला दम मात्र गेलेला होता. दहाव्या राऊंडनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. उलट फोरमन १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर बाहेर पडला आणि १९८७ पर्यंत रिंगमध्ये उतरला नाही. त्या दहा वर्षांत लढतीत त्याच्या डोक्याला एकही ठोसा बसला नाही. ४५ व्या वर्षी त्याची हनुवटी शाबूत होती त्यामागे ही विश्रांती आहे, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा उतारवयातला अली विरुद्ध कुणीही तरुण हेवीवेट, हा प्रश्न सोडूनच द्यावा. तिथे विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ५ नोव्हेंबर १९९४ चा फोरमन घेऊ. वजन ११३ किलो, समोर २६ वर्षांचा डावखुरा मायकेल मूरर, सुमारे १०१ किलो. ही लढत परत बघाल तेव्हा ठोसे बघू नका, फोरमनचे पाय बघा. तो जवळजवळ चालत नाही. अर्धं पाऊल पुढे, अर्धं बाजूला, एवढंच. हात समोर आडवे ठेवलेला क्रॉस-आर्म गार्ड, जो त्याने जुना विजेता आर्ची मूरच्या तालमीतून उचलला. त्या गार्डमध्ये हात खाली-वर करायचे श्रम वाचतात आणि ठोसे कोपरांवर, दंडांवर मरतात. राऊंडच्या मध्ये तो स्टुलावर बसत नसे, उभाच राहायचा. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हलका दिसतो, पण जड असतो, समोरच्याला मागच्या टाचेवर ढकलतो. नऊ राऊंड तो तिन्ही कार्डांवर मागे होता. मूररचा प्रशिक्षक टेडी अॅटलस समोर उभा राहू नको म्हणून ओरडत होता आणि मूरर समोरच राहिला. दहाव्या राऊंडमध्ये डावा-उजवा, पुन्हा डावा-उजवा. शेवटचा उजवा आखूड होता, जेमतेम अर्ध्या हाताच्या अंतरातला, सरळ हनुवटीवर. अशा ठोशाला पाय लागत नाहीत. समोरचा त्या अंतरात उभा असणं, एवढंच लागतं.

त्यामुळे या फोरमनला हरवायची रीत त्याच्या पराभवांतच दिसते. १९९१ मध्ये २८ वर्षांचा होलिफिल्ड त्याच्यापेक्षा वीस किलोहून जास्त हलका होता. तो मारून बाजूला सरकला, पुन्हा आत आला, १२ राऊंड हेच केलं आणि गुणांवर जिंकला. १९९३ मध्ये टॉमी मॉरिसन, जो एरवी डाव्या हुकच्या (कडेने वळवून मारलेल्या ठोशाच्या) जोरावर समोरासमोर भिडणारा, त्यानेही त्या रात्री सगळा मोह आवरून फिरत राहणं पसंत केलं आणि गुणांवर जिंकला.

हे डोक्यात ठेवून आजचे तिघे बघू. डॅनियल डुबॉय उंच आहे, जॅब उत्तम, उजवा जबरदस्त, पण तो सरळ रेषेत येतो आणि मारून झाल्यावर तिथेच उभा राहतो. २०२० मध्ये जो जॉयसविरुद्ध आणि नंतर उसिकविरुद्ध, दबाव साचत गेल्यावर तो मोडलेला आहे. पहिले चार राऊंड त्याचे धरा. सातव्या-आठव्यापर्यंत फोरमनचा तो जड जॅब शंभरदा बसल्यावर अंतर कमी होत जाईल. इथे मी फोरमनच्या बाजूने जातो, नॉकआउटने. फक्त डुबॉयच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी मॉरिसनची योजना वापरली आणि डुबॉयने ती १२ राऊंड पाळली, तर निकाल उलटेल. त्याच्या स्वभावाला ते झेपेल असं वाटत नाही.

आगित कबायेलचं वेगळं. त्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये रियाधमध्ये ४१ वर्षांच्या झांग झिलेईला सहाव्या राऊंडमध्ये पोटावरच्या ठोशांनी बसवलं. वयस्कर, जड बॉक्सरवर पोटावरचा मारा सर्वांत लवकर फळतो, कारण दम आधीच तोकडा असतो आणि बरगडीखाली यकृताच्या जागी बसलेला ठोसा इच्छाशक्तीने झेलता येत नाही. शरीर आपोआप दुमडतं. फोरमनचा क्रॉस-आर्म गार्ड डोकं चांगलं झाकतो, कडेच्या बरगड्या कमी. पण पोटाकडे जायला कबायेलला आत यावं लागणार आणि आत अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) वाट पाहत असणार. कबायेल गुणांवर, पण एकदा तरी पडून.

ओलेक्सांद्र उसिक डावखुराच, मूररसारखा. वजनही जवळपास तेवढंच, शंभरीच्या थोडं वर. पण साम्य तिथेच संपतं. मूररचे पाय जमिनीला चिकटायचे, उसिकचे सतत फोरमनच्या पुढच्या पायाच्या बाहेर असतील. फोरमन जॅब लावायला वळेपर्यंत उसिक तिथे नसेल. बारापैकी दहा राऊंड उसिकचे. यात मला शंका नाही.

लॅरी होम्सबद्दल थोडक्यात. जानेवारी १९८८ मध्ये ३८ व्या वर्षी, जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर राहून, तो २१ वर्षांच्या माइक टायसनसमोर आला आणि चौथ्या राऊंडमध्ये संपला. फेब्रुवारी १९९२ मध्ये ४२ व्या वर्षी त्याने अपराजित ऑलिंपिक सुवर्णविजेता रे मर्सरला १२ राऊंड शिकवल्यासारखं हरवलं. मधल्या काळात लहान लढती करून त्याने शरीराला रिंगची सवय परत लावली होती, हा एक फरक. दुसरा फरक समोरच्याचा. मर्सर एकेक ठोसा मोजून मारायचा, त्यामुळे होम्स कोपऱ्यात टेकून बसायचा, त्याला बोलवायचा आणि वरून उजवा लावायचा. टायसन चार-पाच ठोशांच्या लडी लावायचा, आणि लडीतला पहिला ठोसा चुकवणाऱ्या वयस्कराला तिसरा लागतोच. आजच्या तरुणांत एकेक मारणारा कोण आणि लडी लावणारा कोण, हे पाहिलं की १९९२ च्या होम्सचं उत्तर तुम्हीच काढू शकाल.

प्रत्यक्ष तालमीत वयस्कर हेवीवेट कुठे बिघडतो तेही सांगतो, कारण काल्पनिक लढतीत सगळे 'पूर्ण तयारीनिशी' आले असं गृहीत धरतात आणि खऱ्या आयुष्यात तसं क्वचित होतं. आठ-दहा आठवड्यांच्या तयारीत तरुणाला आठवड्यातून तीन-चार दिवस स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) झेपतं. चाळिशीतल्याला दोन दिवस पुरेत, मध्ये किमान ७२ तास. त्याहून जास्त झालं की पोटरी, मांडीचा मागचा स्नायू किंवा जुना खांदा बोलायला लागतो आणि मग पुढचे दोन आठवडे वाया जातात. डांबरावर लांब धावणं जवळजवळ बंद करावं. सायकल, पाण्यातला व्यायाम आणि उताराऐवजी चढावर आखूड धावा. जड वजनं कमी वेळा उचलायची, तीन ते पाच आवर्तनं, आणि तीही स्पॅरिंगच्या दिवशी नाही. शेवटचं कडक स्पॅरिंग लढतीच्या दहा-बारा दिवस आधी. स्पॅरिंगमध्ये एखादा ठोसा साधा असूनही गुडघे हलले, तर त्या दिवशी लगेच थांबवायचं. 'हनुवटी गेली' म्हणतात ती सहसा तालमीतच गेलेली असते, प्रेक्षकांना ती नंतर कळते. आणि वजन कमी करून तरुण दिसायचा मोह टाळायचा. १९१० मध्ये जेम्स जेफ्रीज प्रचंड वजन उतरवून परत आला आणि रीनोत जॅक जॉन्सनने त्याला १५ व्या राऊंडला थांबवलं. आरशात दिसणारी तयारी आणि रिंगमधली तयारी यात किती अंतर असतं, ते जेफ्रीज आणि अली दोघांनी दाखवलं आहे.

पन्नाशीपुढच्या लढतींची चर्चा मी याच मापाने करणार नाही. १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्सासमध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलशी लढला, तेव्हा दोन-दोन मिनिटांचे आठ राऊंड आणि १४ औंसांचे ग्लोव्ह ठेवले होते. एरवी हेवीवेटला १० औंस असतात. एवढं करूनही टायसनचे आठ राऊंडांत १८ ठोसे बसले. पहिल्या दीड-दोन मिनिटांत हालचाल होती, मग पाय थांबले. मोठ्या ग्लोव्हमुळे कातडी कमी फाटते, पण डोकं झटक्यात वळणं थांबत नाही. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि त्या झटक्याने फाटून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून '५८ चा टायसन विरुद्ध अमुक' असा प्रश्न कुणी लावला की त्यात मला रस वाटत नाही, काळजी वाटते.

उरली ती सगळ्यांत जिवंत जुळणी, कारण दोघेही एकाच काळात खेळत होते: २०२५ मधला ३८ चा उसिक विरुद्ध २० चा मोझेस इताउमा. जुलै २०२५ मध्ये उसिकने २७ वर्षांच्या डुबॉयला वेम्बलीत पाचव्या राऊंडमध्ये संपवलं. ऑगस्टमध्ये इताउमाने ३७ वर्षांच्या डिलियन व्हाइटला पहिल्याच राऊंडमध्ये. व्हाइटसमोरचा तो निकाल बघून लोक तरुणाकडे झुकले, पण व्हाइटचे पाय आधीच गेलेले होते आणि उसिकचे शाबूत होते. दोघेही डावखुरे, त्यामुळे उसिकला एरवी मिळणारा उलट्या पवित्र्याचा फायदा इथे नाही, आणि इताउमाच्या हातांचा वेग खरा आहे. धोका पहिल्या चार राऊंडांत आहे, कारण उसिक सुरुवातीला समोरच्याला वाचण्यात वेळ घालवतो. पण इताउमा तोवर १२ राऊंडांची लढत पूर्ण खेळलेला नव्हता. आठव्या राऊंडनंतर, सतत पाय हलवत राहणाऱ्या माणसासमोर, श्वास कसा वाटायचा हे त्याला तालमीत कुणी शिकवू शकत नाही. त्या तारखेला ही लढत लावली असती तर मी उसिक गुणांवर म्हटलं असतं, ११५-११३ च्या आसपास. दोन वर्षांनी लावली, आणि मधल्या काळात इताउमाला दोनदा दहा राऊंडांपलीकडे जावं लागलं असेल, तर इताउमा.